सुतारकामाचा बाक: रूबो, निकल्सन, की सरळ जमिनीवर बसून?

रंधाप्रेमी

नमस्कार मंडळी,

हातहत्यारांनी लाकूडकाम करणारे आपण इथे बऱ्यापैकी जमलोय, रंधा कुठला घ्यावा, पटाशीला धार कशी लावावी यावर भरपूर लिहून झालंय, पण ज्याच्यावर हे सगळं करायचं त्या बाकाबद्दल कोणी नीट लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. अमेरिका, इंग्लंडकडच्या हौशी सुतारांचा हा सगळ्यात लाडका विषय आहे. एक बाक बांधून झाला की दुसऱ्याचे आराखडे सुरू होतात. त्यावर लोक म्हणतात की ही मंडळी आयुष्यभर बाकच बांधत बसणार, टेबलखुर्ची कधी करणार? मला हे बोलणं अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो.

लाकूडकामात कापणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच धरून ठेवणं. रंध्याला कितीही धार असू दे, खाली फळी सरकली की रंधा उड्या मारतो आणि फळीवर लाटा उमटतात, मग आपण धारेला दोष देत बसतो. फळीच्या तीन प्रकारच्या बाजू असतात, सपाट बाजू, कड आणि टोक. या तिन्हींवर काम करताना ती जागची हलता कामा नये, आणि एका बाजूवरून दुसरीवर जायला चार सेकंदांच्या वर लागता कामा नयेत. बाकाचं काम म्हटलं तर एवढंच. पण एवढंच करायला काय काय लागतं हे बघायला लागलात की कळतं लोक यात इतके का रमतात.

एक साधा प्रयोग करून बघा. पाच फुटी फळी घ्या आणि तिची कड घरच्या डायनिंग टेबलावर रंधून दाखवा. टेबलाचे पाय टॉपपासून आत असतात, टॉप पुढे आलेला असतो, त्यामुळे फळी उभी धरली तर वरच्या बाजूला क्लॅम्प लागेल पण खाली तिला टेकायला काहीच नाही, ती झुलत राहते. आता पाय टॉपच्या पुढच्या कडेशी अगदी सपाट आणून बसवा, म्हणजे टॉपची कड आणि पायाचं तोंड एका रेषेत. लगेच फळी वरपासून खालपर्यंत चिकटून उभी राहते. अख्खा बाकच क्लॅम्प होतो. हा एक मुद्दा समजला की बाजारातले निम्मे तयार बाक का नको ते आपोआप कळतं.

ही युक्ती नवी नाही. पॅरिसचा आंद्रे जाकोब रूबो (१७३९-१७९१), वडील आणि आजोबाही सुतार, हा स्वतः सुतार. १७६९ पासून पुढे काही वर्षं त्याचा सुतारकामावरचा भला मोठा ग्रंथ खंडाखंडाने आला, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या मालिकेत, त्यातली बरीच चित्रंही त्यानेच काढलेली. त्यातल्या अकराव्या चित्रपानावर (प्लेट) जो बाक आहे तो आज जगभर रूबो बेंच म्हणून बांधला जातो. पाच-सहा इंच जाडीचा एकसंध टॉप, चार जाड पाय थेट टॉपच्या आरपार घुसवलेले, खाली आडव्या पट्ट्या, आणि बस्स. वर ट्रे नाही. वर एक चौकोनी ठोकळा असतो, प्लेनिंग स्टॉप, तो मोगरीने ठोकून वरखाली करायचा आणि फळीचं टोक त्याला टेकवून रंधा मारायचा. टॉपला भोकं आणि त्यात होल्डफास्ट, म्हणजे वाकवलेल्या आकड्यासारखा लोखंडी दांडा. वरून एक ठोका दिला की आवळतो, मागून ठोका दिला की सुटतो. स्क्रू फिरवायची भानगडच नाही.

दुसरा मोठा प्रकार इंग्लिश. पीटर निकल्सनच्या १८१२ च्या पुस्तकावरून त्याला निकल्सन बेंच म्हणतात. त्यात टॉप पातळ असतो पण पुढे-मागे रुंद उभ्या फळ्या, ज्याला एप्रन म्हणतात. ताकद त्या एप्रनमध्ये. लाकूड कमी लागतं आणि एप्रनला भोकं पाडली की लांब फळी कडेवर उभी टेकवायला आयतीच सोय.

माझ्याकडे जागा आहे १० बाय ११ ची खोली, पुण्यात. सहा फूट बाय दोन फूट बाक बांधायचा आहे. प्रश्न असे: १) लाकूड कुठलं? २) उंची किती? ३) पुण्याच्या हवेत टॉप किती फुगेल-आटेल? ४) व्हाइस, म्हणजे फळी आवळून धरणारा स्क्रूचा जबडा, एक पुरेल का? जे बांधून बसलेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

---

अटलांटाकर

वा, मनातला धागा काढलास. मी इकडे जॉर्जियात आहे, माझा रूबो पाइनचा आहे, सदर्न यलो पाइन, जो इथे बांधकामाच्या दुकानात ढिगाने मिळतो. एक टीप, दोन बाय चार इंची पट्ट्या घेऊ नका, त्या झाडाच्या गाभ्यातून येतात, गाठी आणि पीळ फार. दोन बाय बारा इंची लांब फळी घ्यायची, ती मोठ्या झाडाची असते, कडा स्वच्छ असतात, ती उभी चिरून पट्ट्या करायच्या आणि एकमेकीला चिकटवायच्या. टॉप चार इंच होतो आणि खर्च ओकच्या मानाने काहीच नाही.

या बाकाचं वेड इकडे कसं पसरलं ते थोडं सांगतो. क्रिस्टोफर श्वार्झ नावाचा लेखक-संपादक, त्याने २००७ मध्ये बाकांवर पुस्तक काढलं आणि जुन्या फ्रेंच, इंग्लिश बाकांकडे लोक परत वळले. २०२० मध्ये त्याने बाकांवरचं आणखी एक पुस्तक काढलं आणि त्याची पीडीएफ सरळ फुकट ठेवली, कोणीही उतरवून घ्यावी. माझ्या मते नवीन माणसाने आधी तेच वाचावं. मग आयोवातल्या बेंचक्राफ्टेडसारख्या छोट्या कंपन्या आल्या ज्या फक्त बाकाचे व्हाइस आणि त्याचं लोखंडी सामान बनवतात. आणि २०१३ ला आमच्या इथून तासाभरावर, बार्न्सव्हिल नावाच्या गावात, फ्रान्सहून आणलेल्या जुन्या ओकच्या सहा इंची जाड ओंडक्यांतून लोकांनी एकत्र येऊन हुबेहूब रूबो बांधले. एकेक टॉप उचलायला यंत्रं लागत होती. एवढ्या जाडीचं लाकूड आतून पूर्ण वाळायला किती वर्षं लागतात विचार करा, आणि तरी ते थोडं ओलं असतानाच बांधलं तरी चालतं कारण टॉप एकच आहे, आटला तर सगळा सारखा आटतो, वर परत रंधा फिरवायचा की झालं.

व्हाइस एकच पुरे. लेग व्हाइस घाल. डाव्या पायालाच जबडा, खाली जमिनीपर्यंत गेलेला, त्यामुळे रुंद फळी मावते, आणि लाकडी जबडा असल्याने लोखंडाचे वळ उमटत नाहीत.

---

आयटीआयवाले सर

धागा उत्तम. मी बरीच वर्षं सुतारकाम ट्रेडला शिकवलं, आता निवृत्त आहे. उंचीबद्दल लिहितो कारण त्यावरच सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

उंची कामावरून ठरते, माणसावरून नंतर. हाताने जाड लाकूड रंधायचं असेल तर बाक खाली हवा, कारण रंध्यावर अंगाचं वजन यायला पाहिजे, नुसत्या दंडाने रंधलं तर दुपारी खांदे जातात. सरळ उभं राहून हात खाली सोडा, करंगळी जिथे तळहाताला मिळते तिथपर्यंत बाक, हा जुना नियम बऱ्यापैकी लागू पडतो. साडेपाच फुटाच्या माणसाला ३० ते ३२ इंच येतात. उलट डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे) कापायचे, कोरीवकाम, बारीक पटाशीचं काम असेल तर डोळ्याजवळ हवं, तिथे ३८ पण कमी वाटतात. इंग्लंडचे पॉल सेलर्स ३८ इंचाचा बाक सांगतात आणि त्यांचं कारणही तेच, पाठ वाकवायची नाही. श्वार्झ त्याहून बराच खाली सांगतो. दोघंही बरोबर आहेत, दोघांचं काम करायचं तंत्र वेगळं आहे.

रंधा कुठला वापरता तेही धरा. लाकडी रंध्याचं अंग उंच असतं, लोखंडीचं बुटकं. लाकडी रंधा वापरणाऱ्याने बाक दोन इंच आणखी खाली घ्यावा. आणि पाय आधी लांब ठेवा. महिनाभर काम करा, मग अर्धा-अर्धा इंच कापत या. आखूड पाय वाढवता येत नाही.

---

साधना_कुडाळ

सगळं आवडीने वाचतेय. पण एक बाजू राहून जातेय म्हणून लिहिते.

माझे बाबा आणि आजोबा दोघंही सुतार. दारं, खिडक्या, देव्हारे, माच्या, सगळं केलं, आणि घरात बाक कधीच नव्हता. जमिनीत पुरलेला एक जाड ठोकळा, बसायला पाट, आणि पाय. हो, पायच. फळी ठोकळ्याला टेकवायची, दुसरं टोक डाव्या पायाच्या अंगठ्याने आणि शेजारच्या बोटाने दाबून धरायचं, रंधा अंगाकडून पुढे. भोक पाडायचं असेल तर फळीवरच बसायचं, मांडीचं वजन हाच क्लॅम्प. पटाशी मारताना बाबा टाच फळीवर अशी तिरकी ठेवायचे की फळी ना पुढे सरकायची ना फिरायची, आणि पुढची खाच आली की ढुंगणावरच अर्धा वीत पुढे सरकायचे, हात थांबायचा नाही. रंधाप्रेमी म्हणतात ना बाजू बदलायला चार सेकंद, बाबांना एक पण लागायचा नाही, पायाने फळी उलटायचे.

सावंतवाडीला चितारआळीत खेळणी करणारे कारागीर पण बसूनच काम करत आलेत. मला बाकाला नावं ठेवायची नाहीयेत, मी स्वतः उभ्याने काम करते आणि माझ्याकडे बाक आहे. फक्त एवढंच म्हणायचंय की आपल्याकडे बाक नव्हता म्हणून आपलं काम कच्चं होतं असं कोणी धरू नये. धरून ठेवायचं शास्त्र पूर्ण होतं, ते अंगात होतं.

---

रंधाप्रेमी

साधनाताई, फार मोलाचं लिहिलंत. टाचेचं वर्णन वाचून लगेच करून बघावंसं वाटलं. बाबांच्या पद्धतीबद्दल वेगळा धागाच काढा ही विनंती.

---

श्टुटगार्टचा_नील

साधना यांच्या प्रतिसादाला धरून. युरोपात पण आधी बसूनच काम होतं. इथे जर्मनीत झालबुर्ग म्हणून रोमन किल्ला आहे, तिथल्या विहिरीत एक बुटका बाक सापडला, साधारण दुसऱ्या शतकातला, गुडघ्याएवढा. आणि हर्क्युलेनियममध्ये, जे इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं, तिथल्या भिंतीवर पंखवाली पोरं अशाच बुटक्या बाकावर लाकूड कापताना काढली होती, आणि बाकावर लाकूड धरायला होल्डफास्टसारखा आकडा पण आहे. म्हणजे बाकावर घोड्यासारखं बसायचं, फळी मांड्यांत किंवा खुंट्यांच्या मध्ये. उंच बाक नंतर आला.

आता जर्मन बाकाबद्दल. इथे शाळेतसुद्धा बाक असतात, बीच लाकडाचे, उल्म शहरातल्या उल्मियासारख्या कंपन्यांचे. त्याला पुढे एक व्हाइस आणि उजव्या टोकाला दुसरा, टेल व्हाइस. टॉपला रांगेने चौकोनी भोकं, त्यात खुंट्या. एक खुंटी टॉपमध्ये, एक टेल व्हाइसमध्ये, मध्ये फळी पकडायची. वर काहीच येत नाही त्यामुळे अख्खी सपाट बाजू मोकळी मिळते रंधायला. ज्याला ड्रॉवर, कपाटं, बारीक फर्निचर करायचंय त्याच्यासाठी मला हाच सरस वाटतो. रूबोचा स्टॉप फळीला फक्त पुढून अडवतो, तिरका रंधा मारला की फळी फिरते.

---

अटलांटाकर

नील, फिरते, पण त्याला उपाय आहे. एका पट्टीच्या टोकाला काटकोनी खाच पाडायची, ती खाच फळीच्या मागच्या कोपऱ्याला लावायची आणि पट्टी होल्डफास्टने दाबायची. फळी पुढून स्टॉपला, मागून खाचेला. आडवा रंधा मारला तरी जागची हलत नाही. टेल व्हाइस बनवायला सगळ्यात किचकट आणि काही वर्षांनी लोंबायला लागतो, मी तरी नवख्याला सांगणार नाही.

---

श्टुटगार्टचा_नील

नीट बसवलेला लोंबत नाही, इथे शाळांमध्ये पोरं धसमुसळेपणाने वापरतात तरी चाललेत. पण बनवायला किचकट हे मान्य.

---

चौथा_मजला

मी ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. तुमच्या चर्चेतले बाक शंभर-सव्वाशे किलोचे दिसतायत. स्लॅबला चालेल का? आणि लिफ्टमध्ये कसा नेणार? शेजाऱ्यांचं तर वेगळंच. हलका बाक केला तर काय बिघडतं?

---

सिव्हिलवाला_अभय

स्लॅबची काळजी सोडा. राहत्या खोल्यांना आपल्या आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे साधारण २०० किलो प्रत्येक चौरस मीटरवर, पूर्ण खोलीभर. सहा बाय दोन फुटाचा बाक एक चौरस मीटरच्या किंचित वर. सव्वाशे किलो म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या कपाटापेक्षा कमीच. फक्त चार पायांखाली एकेक चौकोनी लाकडी तुकडा द्या म्हणजे टाइल फुटणार नाही.

आवाज मात्र जातो, तोही स्लॅब आणि खांबांतून, त्यामुळे पायाखाली जाड रबर, आणि पटाशी-मोगरीचं काम ठरलेल्या वेळेत. रंधा आणि करवतीचा त्रास कोणाला होत नाही.

---

रंधाप्रेमी

अभय, धन्यवाद, हेच हवं होतं.

चौथा_मजला, हलका बाक केला तर तो तुमच्याबरोबर चालायला लागतो. रंधा पुढे ढकलताना जो जोर लावता तो बाकाला पण लागतो. बाक हलका असेल तर तो सरकतो किंवा डुलतो, आणि डुलण्यात गेलेला जोर लाकूड कापत नाही. भिंतीला बोल्ट करणार असाल तर हलका चालेल. लिफ्टसाठी सुटा होणारा निकल्सन बघा, एप्रन बोल्टने सुटतात, टॉप दोन फळ्यांत निघतो. किंवा मोरेव्हियन बाक, तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक झालेल्या मोरेव्हियन लोकांचा, त्याच्या आडव्या पट्ट्या पायाच्या आरपार जातात आणि बाहेरून पाचर ठोकायची. पाचर काढली की सगळा बाक सुटा, आणि बोल्ट एकही नाही. मला तर हा प्रकार दिसायलाही फार देखणा वाटतो.

---

वखारवाला

आपल्याकडच्या लाकडाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमची वखार आहे.

सागवान नका वापरू असं मी म्हणेन. चांगला साग बाकाला घालणं म्हणजे पैसे वाया नाही पण गरज नाही. घनफुटाला १८-१९ किलो वजन येतं. सहा बाय दोन फूट, चार इंच जाड टॉप म्हणजे बरोबर चार घनफूट, सागात ७५ किलोच्या आसपास. बाभूळ घेतली तर नव्वद. पाय-पट्ट्या दोनेक घनफूट धरा.

पायांना आणि व्हाइसच्या जबड्याला बाभूळ बेस्ट. बैलगाडीची चाकं आणि नांगर त्यानेच होत आलेत, मार खायला तयार. पण वाळताना चिरते, म्हणून टोकांना वितळलेलं मेण किंवा रंग लावून सावलीत वाळवलेलीच घ्या, ताजी नको. कोकणात ऐन, किंजळ मिळतं तेही जड आणि टिकाऊ. टॉपला लोक दारांच्या चौकटींचं 'मलेशियन साल' नावाचं लाकूड घेतात, स्वस्त पडतं, जड आहे, पण रंधायला त्रास देतं, धागे उलटसुलट असतात. आंबा स्वस्त आणि वजनदार, फक्त वाळवी आणि भुंगा लागतो, औषध मारून घ्या.

जुन्या वाड्याच्या तुळया मिळाल्या तर सोनं. शंभर वर्षं वाळलेल्या असतात, आता कुठे वाकणार नाहीत. पण खिळे! आत गंजून मोडलेले खिळे असतात, सॉ मिलवाला ब्लेड खराब होतं म्हणून घ्यायलाच तयार होत नाही. मेटल डिटेक्टर फिरवून एकेक काढून मगच न्या.

---

साधना_कुडाळ

वखारवाल्यांना एक विचारायचंय, टॉप इतका कडक कशाला? काम करताना हातातली फळी टॉपवर आपटते, घासते. टॉप बाभळीचा आणि फळी शिवणीची असेल तर डाग फळीलाच पडणार. टॉप मऊ हवा, पाय कडक.

---

वखारवाला

बरोबर आहे ताई. टॉपला आंबा किंवा पाइन, पायांना बाभूळ. पॅकिंगच्या पेट्यांचा आयात पाइन पण चालतो, फक्त चिकटवायला वेळ लागेल.

---

प्लायवाली_मृणाल

मी प्लायचा टॉप केलाय आणि तो लपवायची गोष्ट आहे असं मला अजिबात वाटत नाही. १९ मिमीच्या आठ बाय चारच्या दोन शीट. प्रत्येकीतून सहा बाय दोनचे दोन तुकडे निघतात, म्हणजे चार थर, ७६ मिमी, तीन इंच झाला. मध्ये फेव्हिकॉल, वरून सगळीकडे वजन आणि आतून स्क्रू, सुकल्यावर स्क्रू काढले कारण नंतर भोकं पाडताना ड्रिल त्यावर आपटलं असतं. उरलेल्या दोन बाय दोनच्या तुकड्यांतून खालचा शेल्फ झाला. पुढच्या कडेला सागाची पट्टी. वजन पन्नासेक किलो फक्त टॉपचं.

फायदा सांगते, पावसाळ्यात फुगत नाही. उद्या परत रंधून सपाट करता येणार नाही हा तोटा आहे, वरचा थर गेला की गेला. पण मी मुंबईत आहे, इथे हवेतल्या ओलाव्याशी भांडण्यापेक्षा हे बरं.

---

रंधाप्रेमी

मृणाल, मस्त. फुगण्याचं मी गणित केलं ते टाकतो. साग वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत साधारण ५ टक्क्यांच्या आसपास आटतो, त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे, त्याच्या निम्मा. लाकडातला ओलावा उन्हाळ्यात ८ टक्के आणि भर पावसाळ्यात १५ धरला तर २४ इंची टॉप रुंदीत ६-७ मिमी कमीजास्त होतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही. आणि साग कमी हलणाऱ्यांपैकी आहे, बाकीची लाकडं याहून जास्त. म्हणून टॉप खालच्या चौकटीला दोन्हीकडून घट्ट बोल्ट केला की तो चिरणार. पुढची बाजू पक्की करायची, कारण ती पायाच्या रेषेतच राहायला हवी, आणि मागच्या बोल्टला लांबट भोक द्यायचं, सगळी हालचाल मागे जाऊ द्यायची. किंवा बेंचक्राफ्टेडवाल्यांसारखा टॉपच दोन भागांत करायचा, मध्ये फट, प्रत्येक अर्धा आपापला फुगेल. फटीत पट्टी बसवली की तीच स्टॉपसारखी वापरता येते, शिवाय क्लॅम्प मधूनही घालता येतो.

---

आयटीआयवाले सर

पट्ट्या चिकटवून टॉप करणार असाल तर प्रत्येक पट्टीची वर्षवलयं उभी येतील अशी फिरवून लावा. मग टॉपच्या रुंदीत त्रिज्येची दिशा येते आणि हालचाल निम्म्यावर. आणि सगळ्या पट्ट्यांचे धागे एकाच दिशेला चढते ठेवा, नाहीतर पुढे सपाट करताना एक पट्टी गुळगुळीत निघेल आणि शेजारची उचकटेल.

सपाट करायचं ते पावसाळा संपून महिना-दोन महिने झाल्यावर, दिवाळीनंतर. दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून डोळा लावा, वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. पीळ आहे का हे आधी, मग बाकीचं. आधी आडवा रंधा, मग तिरका, शेवटी लांबीत.

---

चौथा_मजला

टॉपला पॉलिश कुठलं?

---

अटलांटाकर

पॉलिश नको, गुळगुळीत टॉपवर फळी सरकते. जवसाचं उकळलेलं तेल एक-दोन हात. पण तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तेल सुकताना गरम होतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. ही खरी गोष्ट आहे, दुर्लक्ष करू नका.

---

लोहारवाडी

होल्डफास्टबद्दल. परदेशी मागवायची काही गरज नाही, कुठलाही चांगला लोहार करून देतो. साधा माइल्ड स्टीलचा गोल बार, कडक पोलाद नको कारण त्याला थोडं लवचिक राहायला हवं, तो भोकात किंचित वाकतो आणि त्या ताणावरच पकड बसते. घोळ होतो तो मापात. तिकडचे सगळे आराखडे पाऊण इंचाचे, म्हणजे १९ मिमी. आपल्याकडे बार मिळतो २० मिमीचा. पाऊण इंची ड्रिलच्या भोकात २० चा बार जाणारच नाही. एकतर २० चा बार घेऊन २१ चं भोक, किंवा लेथवर १९ ला उतरवून घ्या. आधी बार हातात येऊ दे, मगच ड्रिल विकत घ्या.

दांडा चकचकीत करू नका. जाड पॉलिश पेपरने आडवा घासा, आडव्या रेषा पकडतात. आणि चार इंचाच्या वर जाड टॉप असेल तर भोक खालून थोडं मोठं करा, फार लांब भोकात दांडा तिरका होऊ शकत नाही आणि पकडत नाही.

लेग व्हाइसच्या स्क्रूसाठी लेथवाल्याकडून चौकोनी आट्यांचा करून घ्या, इंचाला चार आटे. किंवा सेंट्रिंगच्या जॅकचा स्क्रू भंगारात मिळतो, त्याचे आटे गोलसर असले तरी काम चोख.

---

रंधाप्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलंय ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा.

रूबोच, सहा बाय दोन, टॉप दोन भागांत, मध्ये दीड इंचाची फट. टॉप पाइनच्या पट्ट्यांचा चार इंच, वलयं उभी. पाय पाच बाय चारचे वाळलेल्या बाभळीचे, टॉपच्या पुढच्या कडेशी सपाट. उंची आधी ३५, मग कापत कापत खाली. लेग व्हाइस एकच, जॅकचा स्क्रू. स्टॉप बाभळीचा. होल्डफास्ट २० च्या बारचे दोन, भोकं २१ ची. आणि साधनाताईंचं वाचून खाली जमिनीवर पुढच्या दोन पायांमध्ये एक जाड फळी आडवी देतोय, बसून भोकं पाडायला.

शेवटचा प्रश्न, होल्डफास्टची भोकं किती आणि कुठे? आराखड्यांत कोणी आठ दाखवतं, कोणी वीस.

---

आयटीआयवाले सर

सुरुवातीला चारच पाडा. मागच्या कडेपासून सहा इंचांवर एक रांग, भोकांमध्ये सोळा इंच अंतर, कारण होल्डफास्टचा हात साधारण आठ इंच पोचतो, दोन भोकांच्या मधली जागा दोन्हीकडून झाकली जाते. पहिलं भोक स्टॉपपासून वीतभर मागे. पुढच्या रांगेचं बघू नंतर, हात जिथे सारखा अडेल तिथे पाडा. पुढच्या पायाला पण दोन भोकं ठेवा, लांब फळी कडेवर टेकवायला लागतील. भोक अगदी ओळंब्यात हवं, ड्रिलच्या दोन बाजूंना गुण्या उभा करून बघा, आणि खाली फालतू फळी लावा नाहीतर तळाला ढलपा उडेल.